दात आहेत, जपून उघडा

‘तुम्हाला आमच्याकडे का यायचंय?’ फोनवर एवढा एकच प्रश्न होता आणि त्याखाली उत्तरासाठी रिकामी चौकट. बत्तिशीरावांनी पॉलिशचं चाक बंद केलं, हात पुसले, चष्मा पुसला आणि फोन प्लास्टरच्या एका जबड्याला टेकवून प्रश्न पुन्हा वाचला. चाळीस वर्षं हा माणूस कवळ्या करत होता. एवढ्या काळात त्याला कोणी काही विचारलं असेल, तर ‘कधी मिळणार?’ एवढंच.

बत्तिशीराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, पण आता बँकेतले लोकही त्याच नावाने हाक मारत. औषधांच्या दुकानावर त्यांची एका खिडकीची खोली होती. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवत. बत्तिशीराव मेणात एकेक दात बसवत, गुलाबी हिरड्या ओतत, घासूनपुसून चकचकीत करत, आणि डबी डॉक्टरांकडे परत जाई. पुढे पेशंट डॉक्टरांचे आभार मानी. शहरातलं निम्मं हसू यांच्या हातचं होतं. लग्नाच्या फोटोत विहीणबाई हसत ते दात यांचे, आणि मांडवामागे जाऊन त्याच बाई दातओठ खात तेही यांचेच. पण यांनी त्यातला एकही चेहरा पाहिलेला नव्हता. आपलं काम कोणीतरी एकदा डोळे भरून बघावं, एवढीच त्यांची हौस होती.

त्या हौसेपायीच त्यांनी मागे एका बड्या साइटवर कवळीचा फोटो टाकला होता. तिथल्या यंत्राने तो मानवी अवयव ठरवला आणि बत्तिशीरावांचं खातं बंद केलं. त्यांनी विनवण्या केल्या. यंत्राने दर वेळी कळवल्याबद्दल आभार मानले.

तेव्हा मदतीला धावले ते साडू. बसमध्ये कंडक्टर म्हणून हयात घालवलेला हा गृहस्थ. कुठल्याही विषयातलं त्याला अर्धं कळे आणि दीडपट सांगता येई.

“साडूभाऊ, ते होतं एकाच शेठचं दुकान,” साडू म्हणाले. “शेठला दात आवडले नाहीत, विषय संपला. हे दुसरं निघालंय ना, इथे शेठच नाही. नुसत्या गल्ल्या आहेत.”

मग त्यांनी सगळं समजावलं. सर्व्हर म्हणतात ती एकेक गल्ली, आणि प्रत्येक गल्ली कोणीतरी साधा माणूस आपल्या घरातून सांभाळतो. आपण एका गल्लीत राहायचं, पण गप्पा कुठल्याही गल्लीतल्या माणसाशी मारायच्या. पत्ता सांगताना नाव सांगायचं आणि पुढे गल्लीही सांगायची. नाही पटलं, तर गाशा गुंडाळून दुसऱ्या गल्लीत जायचं, आणि आपली माणसंही मागोमाग येतात.

“आणि मालक?”

“मालक नाही म्हणतोय ना. असलाच तर वर ड्रायव्हर आहे, पण स्टॉप आपण ठरवायचा.”

गल्ल्यांची यादी लांबलचक निघाली. प्रत्येकीपुढे टपाल तिकिटाएवढं चित्र. बत्तिशीरावांचं बोट सरकत सरकत एका चित्रापाशी थांबलं. गुलाबी जमीन, तिच्यावर पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, दाटीने बसवलेल्या ओळी. त्यांचा ऊर भरून आला. “आपलीच माणसं,” ते म्हणाले. “काम स्वच्छ आहे. मागच्या दाढा तेवढ्या लहान घेतल्यात.”

म्हणून आता ते कारण लिहीत होते. आपण सगळं हाताने करतो, मापाशिवाय सुरुवात करत नाही, ओळ वाकडी गेली तर मोडून पुन्हा लावतो, हे त्यांनी लिहिलं. लोक अंगावेगळं करत नाहीत, पण करणाऱ्याला कोणी ओळखत नाही, हेही लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. यंत्राचं नव्हे, एका बाईंचं. गल्ली त्या सांभाळत. त्यांनी लिहिलं होतं, वाचून डोळ्यांत पाणी आलं, या, घर तुमचंच आहे.

बत्तिशीरावांनी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

पण आत गेले तर सगळं ओसाड. साडूंना फोन लावला, तेव्हा कळलं की इथे कोणी कोणाच्या पुढ्यात काही आणून टाकत नाही. आपण जाऊन हाका मारायच्या, ज्यांचं बोलणं ऐकावंसं वाटेल त्यांच्या मागे लागायचं. बत्तिशीराव शेजाऱ्यांच्या दारावरून फिरू लागले. पहिल्या दारात स्वेटर होता. दुसऱ्यात मोजे. तिसऱ्यात तान्ह्या बाळाचं टोपडं, चौथ्यात शाल. पाचव्या दारात ते मघाचं चित्र मोठं करून लावलेलं होतं. गुलाबी लोकरीवर पांढऱ्या टाक्यांच्या ओळी.

साडू फोनवर इतके हसले की त्यांना उचकी लागली. “अहो, तुम्ही विणकामवाल्यांत घुसलात,” ते म्हणाले. “गल्ली बदला आत्ताच्या आत्ता.”

पण बत्तिशीरावांचा पाय निघेना. ‘घर तुमचंच आहे’ असं म्हणणाऱ्या बाईंना काय तोंड दाखवायचं? शिवाय ताजं काम समोरच होतं, वरच्या जबड्याची कवळी, काळ्या मखमलीवर ठेवलेली, खिडकीतल्या उन्हात अशी चमकत होती की शेजारच्या गच्चीवरच्या कबुतरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी फोटो काढला, खाली लिहिलं, ‘नवीन आलोय. हे माझं काम,’ आणि टाकून दिला.

सकाळच्या चहाला बसलेल्या गल्लीत लोकर आणि टोपड्यांच्या मधोमध अचानक दात प्रकटले. एका बाईंचा चहा नाकातून आला. एकाचे सुईवरचे टाके सुटले. एका आजोबांनी शांतपणे विचारलं की लोकर कुठली वापरलीत.

आणि मग गल्ली सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप आला. बत्तिशीरावांनी तो बराच वेळ उघडला नाही. पुन्हा बाहेर काढणार, ह्याची त्यांना खात्री होती. पहिल्यांदा यंत्राने हाकललं त्याचं फारसं लागलं नव्हतं. माणसाने हाकललं, तर मात्र लागणार होतं. त्यांनी सुचतील तेवढे माफीचे शब्द मनाशी जुळवले आणि निरोप उघडला.

बाईंनी लिहिलं होतं, ‘कोणी रागावलेलं नाही हो, फक्त दचकलेत. आपल्याकडे एक पद्धत आहे. दचकवणारं काही असेल तर त्यावर पडदा टाकायचा आणि पडद्यावर आत काय आहे ते लिहायचं. ज्याला बघायचंय तो सरकवून बघेल. आणि अजून एक. फोटोखाली एक चौकट असते, तिच्यात फोटोत काय दिसतं ते शब्दांत लिहा. आपल्यात एक मावशी आहेत, त्यांना दिसत नाही. त्यांचा फोन त्यांना ते वाचून दाखवतो.’

बत्तिशीरावांनी त्या दिवशी हातातलं सगळं काम बाजूला सारलं. टाकलेला फोटो मागे घेतला, पुन्हा टाकला, वर पडदा ओढला आणि लिहिलं, ‘दात आहेत, जपून उघडा.’ मग त्या चौकटीत लिहायला बसले. समोरचे दोन दात किंचित रुंद का घेतले, सुळ्याला थोडा तिरपेपणा का दिला, अगदी सरळ रांग खोटी का दिसते, हिरडीवर बारीक शिरा कशा ओढल्या, तोंडात गेल्यावर जीभ त्यांना कुठे कुठे लागेल. हे सगळं त्यांना येत होतं, पण कोणाला सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. चौकट भरली, तेव्हा कुठे ते थांबले.

आणि लोकांनी पडदे सरकवले. आपण होऊन, बघायचं म्हणून. बघून विचारू लागले, दुसऱ्या गल्ल्यांतली माणसंही डोकावू लागली. कोणी होडी बांधणारा होता, कोणी बाहुल्यांचे डोळे बसवणारी. बत्तिशीरावांना जेवणाचं भान राहिलं नाही. घरून बायकोचा फोन आला, तर म्हणाले, “थांब गं, लोक दात बघतायत.”

सगळ्यात शेवटी मावशींचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या फोनने तुमचं दोनदा वाचलं. माझी कवळी डबीत पडून असते, सुळा टोचतो. आज पहिल्यांदा कळलं, तो तिथे का आहे. आता एक सांगा. तुमच्या नावापुढे तुम्ही कवळीचाच फोटो लावलाय म्हणे. तुम्ही स्वतः कसे दिसता? हसता कसे?’

आता आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगायला हवी. बत्तिशीरावांचे स्वतःचे सगळे दात तिशीतच गेले होते. त्यांनी स्वतःच्या मापाने एक जोडी केली, अशी की साडूंनी त्यांच्यासोबत कणसं खाल्ली, ऊस सोलला, पण संशय आला नाही. एका बायकोलाच काय ते ठाऊक होतं. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम ते हेच, आणि दाखवायचं म्हटलं तर कबुली द्यावी लागणार, म्हणून कोणीच पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. खुर्ची खिडकीपाशी ओढली, तोंडातली जोडी काढली, धुतली आणि तळहातावर घेऊन छातीशी धरली.

बायकोने फोन डोळ्यांपुढे धरला आणि पुन्हा खाली घेतला. “साडूभावजी पण बघतील हं,” ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली.

“मग हसा की नीट,” ती म्हणाली. “ओठ नका मिटू.”

फोटोवर त्यांनी पडदा ओढला नाही. फक्त चौकटीत मावशींसाठी लिहिलं : एक म्हातारा खिडकीपाशी बसला आहे. गाल आत गेलेत. तोंडात एकही दात नाही. हातात बत्तीस आहेत. तो हसतो आहे.