उतारावरचा ब्रेक

थोरलीने ब्रेक मुठीत पूर्ण आवळला तरी सायकल आपली पुढे जातच राहिली. घरापासून ती काम करायची त्या रक्त तपासणीच्या लॅबपर्यंतचा रस्ता सगळा उताराचा, आणि उतार संपतो तिथेच चौक. पाय रस्त्याला घासत तिने कशीबशी सायकल थांबवली. ब्रेक असा किंचाळला की चौकातली माणसं वळून बघायला लागली.

संध्याकाळी ती सायकलवाल्याकडे गेली. त्याने केबल ओढून पाहिली, चाक फिरवलं, मग ब्रेकचे पॅड काढून उजेडात धरले.

"केबल ठणठणीत आहे, ताई. पॅडनी तेल प्यायलंय. चाकाबरोबर ही डिस्क फिरते ना, तिला हे दोन पॅड चिमटीत धरतात. चिमटीलाच तेल लागलं तर धरणार काय, कपाळ?"

"मी तेल फक्त चेनला घालते. तेही कधीतरी."

"मग उडालं असेल." त्याने दोन्ही डिस्क स्पिरिटने पुसल्या, नवे पॅड बसवले आणि नवे पॅड नीट धरावेत म्हणून स्वतःच गल्लीतून सायकल दामटत, ब्रेक मारत चार फेऱ्या मारून आला. "आता भिंतीवर घातलीत तरी थांबेल."

आठवडाभर थांबलीही. मग पुन्हा तेच. थोरली तणतणतच दुकानात गेली. सायकलवाल्याचा चेहरा पडला. त्याने पुन्हा डिस्क पुसल्या, पुन्हा नवे पॅड बसवले.

तिसऱ्या वेळी उतारावर रिक्षा आडवी आली. थोरलीने दोन्ही ब्रेक दाबले, काही झालं नाही, म्हणून तिने हँडल वळवलं आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन पडली. डावं मनगट मोडलं.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात. तिचं प्लास्टर पाहून अप्पा ताडकन उठले. त्यांनी उभा जन्म शिलाईच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात घालवला होता. कामातली हयगय त्यांना खपायची नाही.

"कोण तो सायकलवाला? त्याला माझ्यासमोर उभा कर. लोकांच्या जिवाशी खेळतो म्हणजे काय!"

सायकलवाला स्वतःच आला, वाकडं झालेलं हँडल सरळ करून, सायकल ढकलत. जिन्याखाली उभं राहून त्याने डिस्कवरून बोट फिरवलं आणि थोरलीपुढे धरलं. बोट चकाकत होतं.

"हे उडालेलं नाही, ताई. दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी, सारखं. कोणीतरी घालतंय. कोणाशी वाकडं आहे का तुमचं?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे वरच्या मजल्यावरचे काका आले. ड्रायव्हिंग शिकवायचे. जिन्याखालच्या सायकलीला आपली पँट घासते म्हणून येता-जाता कुरकुर करायचे. ती तशीच वर गेली आणि दारातच त्यांना वाट्टेल ते बोलली. प्लास्टरचा हात त्यांच्या नाकापुढे नाचवला. "अगं, मी दिवसभर लोकांना ब्रेक कसा लावायचा ते शिकवतो," एवढंच काका म्हणाले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध घ्यायला खाली उतरली. जिन्याच्या वळणावरच तिचे पाय थांबले.

अप्पा सायकलपाशी उकिडवे बसले होते. हातात मशिनीच्या तेलाची नळीची डबी. डाव्या हाताने हलकेच चाक फिरवत ते डिस्कवर थेंब सोडत होते, आणि मग फडक्याने इतक्या मायेने पसरवत होते की क्षणभर तिला वाटलं, बघतच राहावं.

"अप्पा, काय करताय?"

"कोरडं फिरत होतं गं. आवाज करतंय केव्हापासून." त्यांनी वर पाहिलं. "सुपरवायझर यायच्या आत मशिनांची सगळी लाइन करून ठेवायचीय. तू कोणाकडे आलीस?"

तिने कठडा धरला. हल्ली ते चष्मा शोधायचे, एकच गोष्ट पुन्हा विचारायचे; वय झालं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आपल्याला कोणी असं अनोळखी नजरेने विचारेल, तेही या माणसाने, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

थोड्या वेळाने चहा पिताना ते पुन्हा नेहमीचे अप्पा झाले. तिने सगळं सांगून टाकलं. त्यांना आधी पटेना. मग त्यांनी स्वतःची बोटं नाकाशी नेली, वास घेतला, आणि तिच्या प्लास्टरकडे बघत बसले.

"मी केलं हे?" त्यांनी बोटं फडक्याला पुसली. "माझ्याकडून डबी काढून घे."

तिने काढून घेतली. पण दुपारी ते घरभर डबी शोधत फिरले. कपाटं उघडली, गाद्या उलटल्या, शेवटी कुणी चोरली म्हणून रडवेले झाले. तिने डबी परत त्यांच्या हातात दिली आणि सायकलच तिथून हलवायचं ठरवलं.

वर जाऊन तिने काकांची माफी मागितली. त्यांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सायकल त्यांनी आपल्या गॅलरीत ठेवून घेतली.

हात बरा झाल्यावर सायकलवाल्याने तिसऱ्यांदा पॅड बदलले. त्याचीही माफी मागावी म्हणून ती अडखळत बोलायला लागली, तर तो म्हणाला, "राहू द्या हो. माझीच शंका मला खात होती, की हात उतरला की काय आपला."

कामावर परतायच्या दिवशी ती उतारावरून निघाली. मधे दोनदा उगीचच ब्रेक दाबून पाहिला. सायकल जागच्या जागी थांबली. चौकात ती पाय टेकून उभी राहिली. रस्ता मोकळा झाला, मागच्याने घंटी वाजवली, तरी तिचा पाय पेडलवर जाईना.

डबीचं कळलं, कारण सायकल ओरडली. घरातलं बाकीचं ओरडेल का? सकाळी गॅस तिने बंद केला होता, पण अप्पा एकटे होते, आणि शेगडीचा खटका त्यांच्या हाताशी होता.

तिने तिथूनच धाकट्याला फोन लावला. "सुट्टी बिट्टी मला सांगू नकोस. तू ये. अप्पांना एकटं ठेवता येणार नाही, आणि मला एकटीला जमणार नाही." पलीकडे तो काहीतरी विचारत होता, ती म्हणाली, "आल्यावर बोलू," आणि सायकल वळवून, हातात धरून, चढ चढायला लागली.