सत्तेचाळीस रुपयांची सांगली

सांगलीला गेलं तर जोतीराम मास्तरांना महिन्याला सत्तेचाळीस रुपये जास्त मिळणार होते. तासगावपलीकडच्या हायस्कुलात पगार चारशे बारा. सांगलीच्या शाळेत घरभाडं आणि शहराचा भत्ता धरून चारशे एकोणसाठ. शिवाय लेकीला, लीलाला, सायन्सला जायचं होतं, आणि कॉलेज सांगलीतच. मास्तर गणिताचे. दोन आकडे एकाखाली एक मांडले, वजाबाकी केली, वही मिटली.

"अहो, दुधाचं काय?" शालूबाईंनी विचारलं.

"दुधाला आपण इथं पैसे देतो का?"

"तेच म्हणतेय मी."

मास्तरांच्या डोक्यात काही शिरलं नाही. जे कधी दिलंच नाही ते वहीत कुठून येणार? खोली रिटायर सुभेदार आप्पासोंची, फुकट. दूध त्यांच्याच म्हशीचं. वांगी-मिरच्या पोरांच्या दप्तरातून यायच्या.

सांगलीत खोलीचे पस्तीस, दुधाचे अठरा, भाजीचे बारा. सत्तेचाळीस आले आणि पासष्ट गेले. त्यात चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर शाळेचं अनुदान अडकलं. तीन महिने पगार नाही. घरमालक रोज सकाळी नळावर भेटायचा, थंडीचं बोलून झालं तरी घुटमळायचा.

शेवटी मास्तरांनी लीलाचं कॉलेज सोडवून गावी परतायचं ठरवलं. आप्पासोंना कार्ड टाकलं : 'खोली मोकळी आहे काय? इकडची हवा मानवत नाही.'

उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी एसटीचा कंडक्टर धनाजी, त्यांचाच जुना विद्यार्थी, पितळी डबा घेऊन दारात उभा.

"सर, आप्पासोंनी दिलाय. निरोप बी हाय."

"काय म्हणाले?"

"म्हनले, खोली मोकळी हाय, पर पोरगी पास झाल्याबिगर कुलूप काढत न्हाई. हवा मानवत न्हाई म्हंजी काय, ते कळतं म्हनावं. पलटणीतनं आमी बी घरला असंच लिवायचो."

डब्यात भाकरी, पिठलं आणि खर्डा. लीला दोन भाकरी खाऊन कॉलेजला गेली. मास्तर तिला थांब म्हणाले नाहीत.

डबा रिकामा परत धाडायची रीत नाही, आणि घरात तर चिमूटभर साखर नव्हती. मास्तरांनी गावच्या शाळेतल्या अकरावीच्या पोरांसाठी दहा गणितं सोडवली आणि तो कागद डब्यात घातला. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर पिशवी आली. पिशवीत सात वह्या, तपासायला.

"आता सुटका नाही तुमची," शालूबाई हसल्या.

पगार सुरळीत झाला, तरी डबा थांबला नाही. गावच्या पहिल्या गाडीनं नऊला डबा यायचा, संध्याकाळच्या गाडीनं वह्या जायच्या. अठ्ठ्याहत्तरला लीला बी.एस्सी. झाली. पुढं कित्येक वर्षं कुठं पितळी झाकण वाजलं की मास्तरांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडं जायचा.

एकदा त्यांनी सांगलीचा हिशेब पुरा करायला घेतला. सरकारनं सत्तेचाळीस दिले, उशिरा. घरमालकानं पस्तीस घेतले, वेळेवर. धनाजीनं डब्याचं भाडं घेतलं नाही. वह्या मास्तरांनी तपासल्या, गणितात पोरं पास झाली, आणि गावात नाव डबा धाडणाऱ्या आप्पासोंचं झालं. आणि आप्पासोंच्या बायकोनं, बाळाबाईंनी, पहिली गाडी चुकू नये म्हणून चार वर्षं रोज सहा भाकरी जास्तीच्या थापल्या. त्यांना कोणताच भत्ता लागू नव्हता.