काचेवरची गंगी

ऐका तर, निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. खजुरीच्या राजूबाईची गंगी पटकीत गेली. घरातला पोरीचा फोटो तिनं पोरीसंगंच मातीत ठेवला. राहिली ती गुलबर्ग्याच्या मुकुंदराव फोटोवाल्याकडची मूळ काच, जिच्यावरून फोटो छापत्यात ती, तीबी तडकलेली. तिच्यावरून नवा फोटो मागायला राजूबाई आली.

मुकुंदरावनं ताटातल्या तुरटीच्या पाण्यात काचेवरची चित्राची साय हळूच सोडवली, अन् ती नव्या काचेवर घ्यायची म्हणून काच पुसायला वळला. राजूबाई ताटात वाकून बघायली. आता मूळ काचेवर सगळं उलटं असतंय, गोरं ते काळं.

‘अगं बया, माझी गोरीपान पोरगी काळी कामून झाली?’

तिला वाटलं, काजळी बसली. तिनं पदराचं टोक भिजवलं अन् रोज पुसायची तसं गंगीचं तोंड पुसलं.

मुकुंदराव वळला तर पाण्यात केस होते, परकर होता, तोंडाच्या जागी नुसतं पाणी.

‘निघालं बघा, अण्णा,’ राजूबाई म्हणली. ‘आता गोरी येईल न्हवं?’

मुकुंदरावच्या मनात आलं, खरं सांगावं तर हिची पोर परत मरायची.

‘व्हय, अक्का,’ मुकुंदराव म्हणला, अन् केस न् परकर तेवढे नव्या काचेवर घ्यायला लागला.