ऑइल वाढलं तेव्हा

पैठण रोडवर चितेगावला पुंडलिकचं गॅरेज होतं. अठ्ठावीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून तो दुखणं सांगत आला होता. टँकर चालवणारा बद्रीनाथ त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात बद्रीनाथ दिवसाला सात खेपा करायचा. शहराच्या कडेला नव्या सोसायट्या उठल्या होत्या. नळ होते, पाणी नव्हतं. त्याचा टँकर नव्या पद्धतीचा, धूर गाळणारा फिल्टर बसवलेला. फिल्टरात काजळी साचली की दिवा लागायचा. मग गाडी अर्धा तास उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून काजळी जाळावी लागे. बाया हंडे मांडून वाट बघत असायच्या, सगळ्यांत पुढं एका सोसायटीतल्या आशाबाई. बद्रीनाथ मध्येच जाळणं थांबवून निघायचा. मग गाडी ओढेनाशी झाली.

“काढून टाक ते लचांड,” तो पुंडलिकला म्हणाला.

“ह्या गाड्या कॉम्प्युटरवर चालत्यात. मला त्यातलं नाय कळत.”

“तुला नाय कळत तर मग कुणाला?”

एवढ्यावर पुंडलिक विरघळला. त्यानं फिल्टरचा डबा कापला, आतलं सगळं काढलं, पुन्हा वेल्डिंग मारलं. गाडीतल्या कॉम्प्युटरसाठी शहरातून एक जण लॅपटॉप घेऊन आला. दिवा विझला, गाडी पळू लागली.

तीन आठवड्यांनी बद्रीनाथ खुशीत आला. “इंजिन लई मजेत हाय. ऑइल कमी व्हायचं तर सोड, वाढलंय!”

पुंडलिकनं हातातला चहा खाली ठेवला. ऑइल कधी वाढत नसतं. त्यानं ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली; ऑइल खुणेच्या दोन बोटं वर होतं. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा.

“गाडी हलवायची नाय.”

“येडा झाला का? आशाबाईंच्या सोसायटीत दोन दिवस पाणी नाय!”

“नाय म्हणलं ना.”

त्यानं ऑइल परातीत उतरवलं. उन्हात त्यात बारीक चमचम दिसली. बेअरिंगचा धातू झिजून आला होता.

वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये तनुजा नावाची इंजिनिअर होती, पुंडलिकच्या शेजाऱ्यांची मुलगी. रविवारी ती स्कूटरवर आली आणि गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडून बघत बसली.

“काका, त्या लॅपटॉपवाल्यानं फक्त दिवा बंद केलाय. काजळी जाळायचा हुकूम चालूच आहे. फिल्टर नाही, तरी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतंय. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की धातूवर धातू घासतो.” मग बद्रीनाथकडे बघून ती हळूच म्हणाली, “तुम्ही जाळणं अर्धवट सोडायचात ना, तेव्हाही थोडं उतरतच असणार.”

“माझ्या हातानं झालं,” पुंडलिक म्हणाला. “कळत नव्हतं तर हात लावायचा नव्हता.”

बद्रीनाथ रस्ता ओलांडून निघून गेला.

इंजिन खोललं. बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या दांड्यावर, क्रँकवर, चरे होते, पण तो वाचला. नवी बेअरिंग, नवा फिल्टर, कॉम्प्युटरमध्ये कंपनीचीच मूळ मांडणी, सगळ्याला अकरा दिवस लागले. पाचव्या दिवशी बद्रीनाथ डबा घेऊन आला आणि न विचारता पुंडलिकच्या शेजारी बसून बोल्ट पुसू लागला.

“मलाच अर्धा तास थांबता आलं नाय,” तो म्हणाला. “अन् आळ तू अंगावर घेतला.”

“जेव आधी,” पुंडलिक म्हणाला.

गाडी निघाली तेव्हा बद्रीनाथनं सोसायटीला फोन करून सांगितलं, इथून पुढं सहाच खेपा, सातवीचा वेळ काजळी जाळायला. आशाबाई फोनवर चांगल्याच तापल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच घरोघर फिरून पाण्याच्या पाळ्या लावल्या.

पुंडलिक दर रविवारी वर्कशॉपमध्ये तनुजाकडं शिकायला जाऊ लागला. पहिल्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या.

“काका, चपला असू द्या,” तनुजा म्हणाली.

“नको पोरी,” तो म्हणाला आणि अनवाणीच आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसला.