ह्यांनी न वाचलेली पुस्तकं

मी पुस्तकं वाचत नाही. कधी गरजच पडली नाही. आमचे हे पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होते. पंपांच्या धडधडाटात सगळी नोकरी काढल्यामुळे ह्यांना हळू बोलता येत नाही आणि वाचलेलं पोटात ठेवता येत नाही. मी पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत बसते, हे शेजारच्या खुर्चीत बसून पुस्तक कसं होतं ते सांगतात. रहस्यकथा, भुताखेतांच्या, प्रेमाच्या, परग्रहावरच्या, ह्यांना काहीही चालतं. माझी नणंद म्हणायची, "वहिनी, तुमचं बरंय. काजं करता करता सगळं वाचून होतं."

गेल्या हिवाळ्यात हे न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती, थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. हात, पाय, बोलणं सगळं शाबूत. घरी आल्यावर ह्यांनी चष्म्याला शिव्या घालायला सुरुवात केली. चष्मा बदलला, मग नव्या चष्म्याला शिव्या. काही दिवसांनी तेही थांबलं आणि ग्रंथालयातून पूर्वीसारखी पुस्तकं यायला लागली. मी मनात म्हटलं, सुटलो बाई.

आमच्या ग्रंथालयात सगळ्या पुस्तकांना एकाच तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी असते. त्यातल्या एका पुस्तकाला माझ्या इस्त्रीचा चटका बसला, कोपऱ्यावर चांगला काळा डाग पडला. ह्यांनी ती रहस्यकथा म्हणून सांगितली होती. हॉटेलात एकाचा खून होतो. मरणाऱ्याने खुन्याचं नाव कागदावर लिहून ठेवलेलं असतं, कागद टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला असतो, पण इन्स्पेक्टरला काही केल्या तो वाचता येत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बाकीचे सगळे शहाणे वाट बघत बसतात."

म्हटलं, असला कसला हा इन्स्पेक्टर, ह्याला नोकरी कुणी दिली?

काही आठवड्यांनी तेच डागवालं पुस्तक पुन्हा घरात आलं. ह्या खेपेला ते परग्रहावरचं निघालं. तिथे म्हणे अक्षरं जिवंत असतात, माणूस जवळ गेला की मुंग्यांसारखी पांगतात. माझा पाय मशीनवरच थांबला. दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मी पुस्तक उघडून पाहिलं. जहाजावरच्या एका आचाऱ्याची गोष्ट होती. त्यात खून नव्हता आणि परग्रहही नव्हता.

ह्यांनी चष्म्याला घातलेल्या शिव्या आठवल्या. त्यानंतर राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. एवढं आभाळ कोसळलं आणि मला सांगायचं नाही? मी कोण, शेजारीण? पण ह्यांच्या गोष्टी मी आता वेगळ्या कानाने ऐकायला लागले. भयकथेत एक माणूस आपल्याच घरात भूत होऊन राहतो आणि बायकोला संशय येऊ नये म्हणून रोज वेळेवर जेवायला बसतो. प्रेमकथेत प्रेयसीची पत्रं येतात, तो ती न उघडता उशाखाली ठेवतो. मी कॉलर उलटवत "पुढे?" विचारायची. मला कळलंय, एवढं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. हा माणूस पुस्तकांवर जगला होता. तेही गेलं असं उघड झालं असतं, तर हे सकाळी उठून बसले असते कशासाठी?

दर महिन्याला ग्रंथालयात वाचनकट्टा भरतो. ज्याने त्याने हल्ली वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. पुस्तकं वेगवेगळी, त्यामुळे ह्यांचं खपून जात होतं. उलट हेच तिथले हुकमी वक्ते. पण त्या महिन्यात ग्रंथपालबाईंनी टूम काढली, सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची, आणि सुरुवात ह्यांनी करायची. हे ती कादंबरी घेऊन घरी आले आणि ह्यांचा आवाज बंद झाला. पुस्तक मांडीवर, नजर भिंतीवर. मशीनखेरीज घरात आवाज नाही. मला ते सहन होईना.

हे फिरायला गेले की मी वाचायला बसायची. गणवेशांचं काम अंगावर असताना, दातओठ खाऊन वाचलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची गोष्ट होती. तो हळूहळू बहिरा होत जातो. बायको त्याच्या वतीने गिऱ्हाइकांशी बोलते, त्याच्या वतीने सूर लावते, कुणाला पत्ता लागू देत नाही. आणि शेवटच्या पानावर एका सकाळी दार ओढून घेते आणि निघून जाते. भांडण नाही, निरोप नाही.

मग मी ती गोष्ट ह्यांना सांगायला लागले. सरळ नाही, तक्रार म्हणून.

"काय हो, हे तुमचं पुस्तक! सहज चाळलं तर हा बाबा ऐकू येत नाही म्हणून बायकोवरच खेकसतोय."

ह्यांनी मान वर केली. "हं. ते होय. तुझं काय म्हणणं?"

असं करत करत, बाह्या जोडता जोडता, मी सगळी कादंबरी ह्यांच्या पदरात घातली. ह्यांचा आवाज परत आला. मधूनच "तिथे लेखक जरा घसरलाय" असंही म्हणायला लागले! मला हसू यायचं आणि रडूही यायचं. शेवटी एका दुपारी ह्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "आणि शेवट? शेवट कसा वाटला तुला?"

मला सांगवेना.

"शेवट काय," मी म्हटलं, "जायला निघते, दारातून परत फिरते. राहते ती."

कट्ट्याला मी पहिल्यांदाच ह्यांच्याबरोबर गेले, मागच्या रांगेत बसले. हे काय बोलले! माझ्याच कुरकुरीचं ह्यांनी सोनं केलं. माणसं माना डोलवत होती. मला वाटलं, जिंकलो.

"आणि मला सगळ्यात पटला तो शेवट," हे म्हणाले. "ती दारातून मागे फिरते. तिथे लेखकाने एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाही."

खोलीत चुळबुळ झाली. पुढे बसलेले निवृत्त हेडमास्तर माणूस वाईट नव्हेत, पण चूक दिसली की त्यांना राहवत नाही.

"अहो, फिरते कुठे? जाते ती. तीच तर सगळी गोष्ट आहे."

"नाही, नाही. राहते."

"हे बघा," हेडमास्तरांनी उठून पुस्तक उघडलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "शेवटची ओळ. वाचा मोठ्याने."

हे त्या पानाकडे बघत राहिले. मी ताडकन उभी राहिले. "त्यांचा चष्मा घरी राहिलाय," मी म्हटलं. चष्मा ह्यांच्या नाकावर होता. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

ह्यांनी वळून मला शोधलं. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावलेला नव्हता. मला सगळं ठाऊक होतं ते ह्यांना आत्ता कळत होतं, आणि मी काय बदललं तेही.

"मला वाचता येत नाही," हे सगळ्यांना म्हणाले, ह्यांच्या मानाने फारच हळू. "हिवाळ्यापासून."

मग खुर्च्या सरकल्या, पाणी आलं, हेडमास्तर पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. घरी आल्यावर हे आपल्या खुर्चीत बसले आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"शेवटचं पान वाच. आहे तसं."

मी वाचलं. अडखळत, पण शब्द न शब्द वाचला. ती दार ओढते, जिना उतरते, रस्त्याच्या वळणाशी दिसेनाशी होते.

"बरोबर केलं तिने," हे म्हणाले.

"काहीतरी बोलू नका!"

"मी पुस्तकाबद्दल बोलतोय."

ते खोटं होतं. मला रडू आवरेना. ह्यांचा हात धरून मी म्हटलं, "मी कुठेही जात नाही, कळलं? कुठेही नाही."

ह्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"पुस्तकातली तरी कुठे जात होती?" हे म्हणाले. "तूच सांगितलं होतंस."