अर्धं जुनं पाणी

ऐका हो, मी हंडी बोलतेय. दहीहंडीची नव्हे, काचेची! पडवीच्या तुळईला साखळीनं टांगायची दिव्याची हंडी. मुंबईहून गवतात गुंडाळून आगगाडीनं मी कर्जतला आले. सगुणाबाईंच्या घरी तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! सणावारी माझ्यात दिवा लागला की येणारा-जाणारा मान वर करून बघायचा.

मग घासलेटचे कंदील आले आणि माझी साखळी उतरली. माणसं अशीच. काल डोक्यावर, आज अडगळीत. माळ्यावर कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळी विणली आणि मी गप्प बसले. दुसरं करणार काय?

मला खाली आणलं ते द्वारकेनं. द्वारका म्हणजे सगुणाबाईंची सून. नवरा हेमचंद्र खालापूरच्या कचेरीत कारकून, आठवड्याकाठी घरी यायचा. एरवी घरात सासू नि सून, दोघीच. द्वारकेची दोन बाळं बारशाआधीच गेली होती. दुसरं जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात पाळणा अजून तसाच टांगलेला होता, कुणी त्याच्याकडे बघत नसे.

नदीकाठच्या कोंडाणे गावची सोमी टोपलीत बारीक मासळी घेऊन दारी यायची. त्या दिवशी टोपलीतली कोळंबी अजून तडतडत होती. द्वारका निवडायला बसली आणि तिचा हातच चालेना. ती तशीच उठली, मला माळ्यावरून काढलं, धुतलं, चुंबळीवर बसवलं आणि थोड्या कोळंब्या नि दोन चंदेरी मासे माझ्यात सोडले.

सगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं बाई! खायचं ते पाळायला निघालीस? उद्या मसाला वाटताना ह्यांनाच विचारायचं का, तिखट किती घालू म्हणून?"

सोमीही हसली. "वैनीबाय, ती घरात नाय जगायची. नदीची हाय ती."

"बघू," द्वारका म्हणाली. "काहीतरी जगेल की माझ्या हातून."

सगुणाबाईंचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि आत गेल्या.

पण जगेनात हो! त्या घराची रीत अशी, की कालचं पाणी ते पारोसं. उजाडलं की भांडी रिकामी करायची, घासायची, ताजं पाणी भरायचं. तीच रीत द्वारकेनं मलाही लावली. रोज सगळं पाणी फेकायचं, मला राखेनं घासायचं, विहिरीचं गार पाणी ओतायचं. कोळंब्या दचकायच्या, फिकट पडायच्या आणि एकेक करून मरायच्या. सोमीनं आणलेल्या नव्यांतल्याही बऱ्याच तशाच गेल्या. मेलेली कोळंबी द्वारका परसात अळवाच्या बुंध्याशी पुरायची. तिचं तोंड बघवत नसे.

मग ती बाजूला बसली. मागच्या खोलीत, कशाला शिवायचं नाही. सगुणाबाई त्या पारोशा पाण्याला कशाला हात लावतील? पाणी तसंच राहिलं. माझ्या काचेला हिरवट शेवाळ धरलं. न्हाऊन परत आली तेव्हा द्वारका डोळे मिटूनच माझ्यापाशी आली. उघडते तर काय! उरलेल्या सगळ्या जिवंत, मजेत शेवाळ चरताहेत.

तेव्हापासून ती शहाणी झाली. अर्धं जुनं पाणी ठेवायचं, अर्धं नदीचं, मडक्यात निवलेलं, हळूच घालायचं. भाताचं एखादं शीत, त्याहून जास्त खाणं नाही. उरलं तर काढायचं, नाहीतर पाणी आंबतं. ऊन आलं की मला सरकवायची. तळाशी वाळू घातली, पाणगवताची काडी रोवली. दिव्याच्या हंडीत चिखल-वाळू! आधी मला रागच आला. पण संध्याकाळी ती काचेला नाक लावून बसायची ना, तेव्हा राग कुठल्या कुठे जायचा.

पुढं द्वारकेला दिवस गेले. सातवा महिना लागला आणि नेमकी तेव्हाच एका कोळंबीच्या पोटाखाली अंडी दिसली. ही कोळंबी ओळखायला सोपी होती, तिची एक मिशी अर्धी तुटलेली. खसखशीएवढी अंडी पोटाशी धरून ती पायांनी त्यांना सारखं पाणी घालायची. पिल्लांना कुणी खाऊ नये म्हणून द्वारकेनं मासे नि बाकीच्या कोळंब्या परसातल्या दगडी डोणीत हलवल्या. आता माझ्यात ही एकटी बाळंतीण.

"सासूबाई, हिची जगली ना, तर माझंही जगेल," द्वारका एकदा म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस गं," सगुणाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्याही येता-जाता माझ्यात डोकवायला लागल्या.

द्वारकेचं डोहाळजेवण ठरलं. आदल्या संध्याकाळी सगुणाबाईंनी तांब्याची कळशी चिंचेनं घासून लखलखीत केली, पाणी भरून देवापाशी ठेवली. सकाळी द्वारका न्हाणीत गेली तशी कळशी घेऊन त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या पोटाला कुंकवाचं बोट लावलं.

"तूही पोटुशीच ना गं बाई? आणि अशा पारोशा पाण्यात राहायचं? आज तरी शुद्ध पाणी घे." असं म्हणून त्यांनी जुनं पाणी सगळं उपसलं आणि कळशी माझ्यात रिकामी केली.

अहो, किती मायेनं केलं त्यांनी! पण चिंचेनं घासलेल्या तांब्यात पाणी राहिलं की तांबं पाण्यात उतरतं. माणसाला ते चालतं, कोळंबीला विष. मला कळत होतं, पण मला तोंड असून वाचा कुठं होती? ती बिचारी आधी सैरावैरा धावली, मग वाळूवर कलंडली. पाय तेवढे अंड्यांपाशी हलत राहिले. पंगत उठेपर्यंत तेही थांबले.

सगुणाबाईंनी बघितलं आणि भिंतीला टेकल्या. द्वारका आत निजली होती. पंगतीची भांडी घासायला म्हणून आलेल्या सोमीला त्यांनी खुणेनं बोलावलं. दोघींनी माझं पाणी ओतून टाकलं, डोणीतलं जुनं पाणी भरलं आणि तिथलीच एक कोळंबी माझ्यात सोडली.

"हिला अंडी नाय, बाय," सोमी कुजबुजली.

"नसू देत. कुठं बोलशील तर बघ!" सगुणाबाईंचे हात वाळूनं बरबटले होते.

द्वारका उठून आली, काचेपाशी वाकली. कोळंबी पुढं आली, तिच्या दोन्ही मिशा लांबच लांब. द्वारकेचं बोट काचेवर थांबलं. तिनं शेजारी पालथी पडलेली कळशी बघितली, माझ्या पोटावरचं कुंकू बघितलं, सासूचे हात बघितले. तिचे डोळे भरून आले. मी बघितले ना, अगदी समोरून! मग तिनं ते पुसले आणि हसून वळली.

"सासूबाई, पिल्लं सुटली वाटतं! बारीक असतील, गवतात लपली असतील."

"हो का गं?" सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला घट्ट जवळ धरलं.

द्वारकेला मुलगी झाली. रडकी, जिवंत, धडधाकट! आधीची गेली म्हणून हिला कोंड्याच्या सुपात घातलं आणि कोंडी नाव ठेवलं. पण बाळंतिणीला ताप भरला तो उतरेना. हेमचंद्र खालापूरहून वैद्य घेऊन आला. उपयोग झाला नाही.

"सासूबाई," शेवटी ती म्हणाली, "पिल्लांचं पाणी सगळं टाकू नका हं. अर्धं जुनं ठेवा. जगतील."

द्वारका गेली. आणि सगुणाबाई, पारोसं म्हणून नाक मुरडणाऱ्या सगुणाबाई, रोज नदीचं पाणी मडक्यात निववून माझ्यात घालायला लागल्या. ती लांब मिशांची कोळंबीही पुढं मेली. तरी बाई अर्धं जुनं ठेवायच्या, अर्धं नवं घालायच्या.

"आजी, यात काय आहे गं?" कोंडी बोलायला लागल्यावर विचारायची.

"तुझ्या आईची पिल्लं."

"दिसत नाहीत."

"लहान आहेत अजून."

कोंडी खेळायला पळाली की बाई माझ्या काठावर कपाळ टेकायच्या. "मी मारलं गं तिला. त्या कळशीनं मी माझ्या सुनेला मारलं." मी आतून ओरडायचे, नाही हो बाई, नाही! तिला तापानं नेलं. आणि तिला सगळं कळलं होतं, तरी ती तुमच्यावर रागावली नाही. तुमचं मन राखायला ती खोटं बोलली. पण काचेतून आवाज जात नाही. बाई ते ओझं घेऊनच गेल्या, मला अर्धी भरलेली ठेवून. ते पाणी हळूहळू आटलं.

आता मी कोंडीच्या सासरी आहे, खालापुरात. आजीची आठवण म्हणून तिनं मला आणलं आणि माझ्यात चिंच भरून ठेवली. चिंच! काय म्हणावं आता? तिला बिचारीला काय ठाऊक?

तुम्ही मात्र ऐकलंत. कधी खालापूरला आलात तर तिला गाठा. माझ्यात पुन्हा कोळंबी सोड, असं सांगू नका. माझं काही मागणं नाही. पितृपक्षात ती आई नि आजीची पानं शेजारी शेजारी मांडते. तेव्हा आजीच्या पानापाशी वाकून एवढंच म्हणायला सांगा: आजी, आईला कळलं होतं गं.