पाच इंचांवरचा खांब

रतन गवंड्याच्या कामाला टेप लावायची पद्धत कान्हे-कामशेतच्या पट्ट्यात नव्हती. कुणी नवखा लावायला गेलाच, तर बाकीचे हसायचे. हातच्या कंकणाला आरसा कशाला, म्हणायचे. तीस-पस्तीस वर्षं माणूस भिंती उभ्या करतोय, दाखवा एक तरी ओळंब्याबाहेर गेलेली! तर अशा या माणसाला गेले अठरा दिवस भाकर गोड लागत नव्हती. कारण त्यानं एका ठिकाणी खोटं काम केलं होतं, आणि ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

खोटं तरी कसं म्हणावं? केलं त्या दिवशी ते खोटं वाटलंच नव्हतं.

काम होतं निलेशच्या गॅरेजचं. निलेश रतनच्याच गावचा, रस्त्याकडेच्या घराचा. लोणावळ्यात दुसऱ्याच्या गॅरेजात अकरा वर्षं राबला. पुण्या-मुंबईचे लोक घाटात गाड्या तापवून आणायचे आणि हा त्यांच्याखाली पाठीवर झोपून ऑइल तोंडावर घ्यायचा. पाठ पार कामातून गेली. शेवटी यंदा म्हणाला, बास झालं, आता आपलं गॅरेज आपल्या दारात. घरापुढच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली, भिंतीला पाने लटकवायचे बोर्ड लागले, कोपऱ्यात कंप्रेसर आला. आणि मधोमध यायची होती लिफ्ट. दोन लोखंडी खांब, खांबांना हात, हातांवर गाडी. बटण दाबलं की गाडी माणसाच्या डोक्यावर जाते आणि माणूस ताठ उभा राहून काम करतो. ताठ उभं राहून काम करायचं, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता.

लिफ्टवाल्यांनी कागदावर लिहून दिलं होतं की दोन्ही खांबांखाली बारा इंच काँक्रीट हवं आणि ओतल्यावर अठ्ठावीस दिवस त्याला हात लावायचा नाही. मुहूर्त होता दसऱ्याचा. मग गणपती बसायच्या दोन दिवस आधी रतननं खड्डे घेतले. डावा खड्डा बिनबोभाट झाला. उजवीकडे पाच इंचांवर टिकाव खणकन वाजला.

खडक! काळा, गुळगुळीत, खड्डाभर पसरलेला. वरून पाऊस धो धो कोसळत होता, मिक्सर भाड्यानं आणून दारात उभा होता, माणसं भिजत थांबली होती. खडक फोडायला ब्रेकर आणायचा तर कामशेतला जाऊन यावं लागणार. रतननं खडकावर टाच आपटून बघितली. मावळातला गवंडी तो, अख्खी हयात या खडकाशी झुंजण्यात गेलेली. त्याच्या मनात आलं, अरे, हा तर डोंगराचाच पाया. याच्याहून पक्कं काँक्रीट कुठल्या कारखान्यात तयार होतं? त्यानं त्या खडकावरच पाच इंच माल ओतला आणि वरून अशी थापी फिरवली की आरशानं झक मारावी.

संध्याकाळी लोणावळ्याहून निलेशचा फोन आला. "भाऊ, भरलं का बारा इंच?"

"भरलं," रतन म्हणाला.

एवढंच. एक शब्द.

पुढं अठरा-वीस दिवसांनी शेजारच्या जानूच्या परड्यात संडासाची टाकी खणायची होती. निलेशच्या शेडपासून पन्नास पावलं. तिथंही तेवढ्याच खोलीवर तसाच खडक लागला, तसाच काळा, तसाच गुळगुळीत. या वेळी ब्रेकर हाताशी होता. पहिल्याच ठोक्याला खडक हलला. रतनला वाटलं, आपल्याला भास झाला. त्यानं पहार घालून दाबली, तर तो अख्खा काळा थर डुगडुगला. तो डोंगराचा खडक नव्हताच. कुठल्या जमान्यात डोंगरावरून घरंगळत आलेला धोंडा होता तो, आणि त्याच्याखाली होती लाल, पाणी प्यालेली, लोण्यासारखी माती.

रतननं पहार टाकली. तो खड्ड्यातून वर आला आणि पन्नास पावलांवरच्या त्या शेडकडे बघत राहिला. जानू म्हणाला, "काय वो भाऊ, चक्कर आली का?"

आता कुणीही म्हणेल, त्याच दिवशी जाऊन सांगायचं होतं. बरोबर आहे. बाहेरून सांगायला काय जातं! पण रतनच्या जागी उभं राहून बघा. निलेशची आजी होती तेव्हा रतनच्या आईला या घरात पाणी वरून ओंजळीत मिळायचं. रतननं ते डोळ्यांनी बघितलं होतं. आज त्याच घरात निलेशची आई, नंदाबाई, त्याला घरातल्याच कपात चहा देते, निलेश त्याला विचारल्याशिवाय वीट आणत नाही. हे काय फुकट मिळालं होतं? एकेक भिंत सरळ उभी करून त्यानं ते कमावलं होतं. आता तिथं जाऊन म्हणायचं, मी खोटं बोललो? जीभच रेटेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणायचा. कदाचित निलेशच्या खांबाखालचा खरा खडक असेल. कदाचित काहीच होणार नाही. उद्या सांगू. परवा सांगू.

अठ्ठावीस दिवस भरले आणि नवरात्रात पुण्याहून फिटर आला. उजव्या खांबासाठी त्यानं ड्रिल लावलं. पाच इंचांवर ड्रिल किंचाळायला लागलं, तसा फिटर खूश होऊन म्हणाला, "काय कडक काम आहे हो! गवंडी कोण?" निलेशनं अभिमानानं रतनकडे बोट दाखवलं. रतनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ट्रायल झाली. निलेशची जुनी जीप हातांवर चढवली, बटण दाबलं, जीप गुरगुरत वर गेली. निलेश तिच्याखाली ताठ उभा राहिला, दोन्ही हात वर करून तिच्या पोटाला लावले, आणि लहान पोरासारखा हसला. हसता हसता त्यानं हाक मारली, "स्नेहल, ये गं! गाडीचं पोट बघायचं का?"

त्याची पाच वर्षांची लेक स्नेहल आईचा हात सोडून धावली. उभी राहिली जीपखाली, मान वर करून. रतन दाराशी उभा होता. त्याची नजर उजव्या खांबाच्या बुडावरून हलेना. तोंड उघडलं होतं, पण त्यातून शब्द फुटला नाही. तो मनातल्या मनात आकडे मोजत राहिला. चाळीसपर्यंत मोजलं तेव्हा पोरगी बाहेर आली.

त्या दिवसापासून त्यानं ताटावर बसायचं सोंगही सोडलं. चिमाबाई, त्याची बायको, चार दिवस बघत होती. खंडेनवमीच्या सकाळी तिनं भाकरीचं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. "सांगितल्याबिगर उठू देणार न्हाई," म्हणाली. मग त्यानं सांगितलं. स्नेहलचंही सांगितलं.

चिमाबाईनं ऐकून घेतलं. तिचा चेहरा असा झाला की रतनला तिच्याकडे बघवेना. "आवं, कोंबडं झाकून ठिवलं म्हनून उजाडायचं ऱ्हातंय व्हय?" ती म्हणाली. "रोज सांजच्याला नातीला घिऊन पंचशील म्हनता. तिला काय शिकवता? जावा, उठा. आन आल्यावर जेवा."

निलेशनं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, भाऊ, तुमची हत्यारंबी पूजेला आणा. रतनच्या घरी हत्यारांची पूजा नसायची. त्याच्या बापानं छप्पन साली देव नदीत सोडले, त्यानंतर या घरात ना खंडेनवमी ना घट. पण निलेशनं मायेनं बोलावलं म्हणून त्यानं कालच पिशवी पोचवली होती.

तो शेडमध्ये आला तेव्हा पूजा मांडून झाली होती. पाटांवर पाने, पक्कड, जॅक, सगळं ओळीनं. आणि त्या ओळीत मधोमध रतनची थापी, ओळंबा, छिन्नी आणि घण. सगळ्यांच्या आधी त्यांनाच झेंडूची माळ घातलेली, वर हळदकुंकू.

"आलात का? या," नंदाबाई म्हणाली. "तुमच्या हत्यारांना पयला मान दिला बघा. त्येंच्यामुळंच तर हे उभं ऱ्हायलं."

सारिका, निलेशची बायको, आरतीचं ताट घेऊन उभी होती. निलेश लिफ्टच्या खांबांना आंब्याचे डहाळे बांधत होता. रतन त्याच्याजवळ गेला.

"निलेश, ह्यो खांब बारा इंचावर न्हाई. पाच इंचावर हाय."

"काय भाऊ, चेष्टा करता का सणासुदीची!"

"खाली धोंडा हाय. मी त्येला खडक समजलो, वरच माल वतला. जानूकडं तसलाच धोंडा हाल्लेला बघितला मी. गाडी चढवू नगंस."

निलेश हसत होता, तो हळूहळू हसायचा थांबला. त्यानं खांबाकडे खालीवर बघितलं, रंगवलेल्या करड्या फरशीकडे बघितलं. "उगं कायतरी बोलू नका. फिटर सोता बोलला, काम कडक हाय. उद्या धा वाजता मुहूर्त हाय, माणसं येणारेत. तुमास्नी बरं न्हाई का?"

रतनला कळलं, याला शब्दानं पटायचं नाही. आपणच इतकी वर्षं आपल्या शब्दाला वजन आणलं, आता तेच आड येतंय. तो वळला, पाटापाशी वाकला, झेंडूची माळ बाजूला केली आणि छिन्नी-घण उचलले.

"अवो रतनभाऊ!" नंदाबाई ओरडली. "आज हत्याराला हात लावत नसत्यात! उद्याच्याला उचलायचं!"

"वयनी, आज न्हाई उचललं तर उद्या पोरगं हातचं जाईल."

त्यानं उजव्या खांबाशेजारी गुडघा टेकला आणि पहिला घाव घातला. नव्या कोऱ्या फरशीचा टवका उडाला. निलेशनं त्याचा दंड धरला, पण रतननं नुसतं वर बघितलं आणि निलेशचा हात सुटला. तासभर तो ठोकत होता. चांगलं काम फोडायला जड जातं, आणि वरून ते काम चांगलंच होतं. चार इंच, साडेचार, पाच. पाच इंचांवर छिन्नी सरकली आणि काळा दगड दिसला. त्यानं दगडाच्या कडेला छिन्नी घातली, कड मोकळी केली आणि पहार मागितली. कुणी देईना, तशी त्यानं स्वतः उठून आणली. दगडाच्या कडेनं पहार सोडली, तर ती सपकन हातभर खाली गेली. बाहेर ओढली तेव्हा तिला लाल चिखल लागला होता.

निलेश उकिडवा बसला. त्यानं चिखलाला बोट लावलं, बोटांत चोळून बघितलं.

"कवापासून ठावं व्हतं?" त्यानं विचारलं.

"अठरा दीस झालं."

निलेश आकडा जुळवत राहिला. पण आकडा जुळला सारिकाचा. आरतीचं ताट तिनं पाटावर ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "भाऊ, ट्रायलच्या दिवशी स्नेहल त्या जीपखाली उभी होती. तेव्हा तुम्ही दारात होतात ना?"

रतनला वाटलं, काहीतरी सांगावं. तोंड उघडलं होतं म्हणून सांगावं, मोजत होतो म्हणून सांगावं. लाज वाटली त्याला त्या मोजण्याची.

"व्हय," तो म्हणाला. "दारातच व्हतो."

सारिकानं आत जाऊन स्नेहलला उचलून घेतलं आणि घराचं दार लावून घेतलं. निलेशनं फोन काढला आणि एकेकाला कळवायला लागला, मुहूर्त रद्द. का, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. रतननं ते ऐकलं. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

दरवर्षी दसऱ्याला सगळ्यात आधी निलेश सोनं घेऊन रतनच्या दारात यायचा. आपट्याचं पान हातावर ठेवायचा, पाया पडायचा. यंदा संध्याकाळपर्यंत रतन ओट्यावर बसून होता. अंधार पडल्यावर चिमाबाईनं त्याला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी नंदाबाईचा निरोप आला. धोंडा काढायला मशीन येतंय, भरायला तुम्हीच यावं, असं निलेशनं सांगितलंय.

खांब उतरवून धोंडा काढला तेव्हा बघायला अर्धं गाव जमलं होतं. चौघांनी लोटावा एवढा. रतननं खड्डा खोल केला, कडा उभ्या तासल्या, तळ कुटून घट्ट केला, सळया बांधल्या. मिक्सर सुरू करायला त्यानं हात वर केला, तेवढ्यात निलेश पुढं झाला.

"थांबा," तो म्हणाला. त्याच्या हातात टेप होता.

तो खड्ड्यात उतरला. एक कोपरा मोजला. मग दुसरा. मग तिसरा, मग चौथा. मग मधोमध. बघणारे एकमेकांकडे बघायला लागले, जानूनं तर मान खाली घातली. रतनही खड्ड्यात उतरला, निलेशच्या हातातलं टेपचं टोक घेतलं आणि तळाला दाबून धरलं.

"तेरा," निलेश म्हणाला. "आता भरा."